अनकाइंडला मराठीत काय म्हणतात

त्या इस्पितळात आता कापडी चादरी फारशा उरल्या नाहीत. कागदासारखं काहीतरी निळं अंथरतात, माणूस उठला की गोळा करून फेकून देतात. पण ही गोष्ट ज्या काळातली, त्या काळी चादरी जाड सुती असत, धुऊन धुऊन मऊ पडत, आणि त्या सगळ्यांवर राज्य होतं कुलूपमावशीचं.

तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी काय ते कोणी घेई. एरवी दाराला कुलूप, कपाटाला कुलूप आणि तोंडालाही कुलूप, म्हणून ती कुलूपमावशी. तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात तिचं भांडार होतं. दारात कमरेइतक्या उंचीचा लाकडी कठडा, त्याच्या मागे ती, आणि तिच्या मागे छतापर्यंत रचलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल, मेणकापडं. फिनेल, डांबरगोळ्या आणि गरम इस्त्री यांचा मिळून एक वास तिथे भरून असे. तो तिच्या अंगालाही लागलेला होता. ती घरी आली की तो वास तिच्या आधी घरात शिरायचा.

भांडाराचा कायदा एकच होता : जुनं आणा, नवं न्या. गेलेला दिवा हातात दिल्याशिवाय नवा दिवा मिळायचा नाही. साबणाची वडी ती दोऱ्याने मधोमध कापायची. मधे विरलेली चादर उभी फाडायची आणि कडेच्या धडक्या बाजू मधे घेऊन शिवायची. अशी उलटवलेली चादर मग पुष्कळ टिके, फक्त झोपणाऱ्याच्या पाठीखाली एक शिवण येई. कोणी कुरकुर केली तर मावशी म्हणायची, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि शिवण पाहून कूस बदलावी."

लोक तिला नावं ठेवत. कवडीचुंबक म्हणत, चिकट म्हणत, मेल्यावरही ही बाई स्वतःचं कफन परत मागेल म्हणत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात रांगतं पोर, सासर-माहेर दोन्हीकडून पाठ फिरलेली. "चिकट होते म्हणून टिकले," ती म्हणायची. "नाहीतर केव्हाच सुटून पडले असते." ते पोर आता गाड्या दुरुस्त करत होतं आणि त्याची बायको, म्हणजे मावशीची सून, याच इस्पितळात वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात मदतनीस होती. दोघी सकाळी एकाच दरवाजातून आत शिरायच्या. एक जिना चढायची, एक जिन्याखाली जायची.

मग इस्पितळ नव्या लोकांच्या हाती गेलं. बाहेरून डॉक्टर आले, त्यांना आपली भाषा येईना आणि इथल्या माणसांना त्यांची. एकाने पाणी मागितलं तर दुसरा स्ट्रेचर घेऊन येई. तेव्हा नव्या मंडळींनी फर्मान काढलं : जेवणानंतर सगळ्यांनी जेवणघरातच बसायचं आणि इंग्रजी शिकायचं. त्या मंडळींचं दूरच्या एका शहरात मोठं नवं इस्पितळ उघडणार होतं. तिथली मेट्रन येऊन इथल्या मदतनिसांतून काही जणी निवडून नेणार होती. पगार बरा, राहायला खोल्या.

सुनेला तिथे जायचं होतं. हे तिने घरात सरळ सांगितलं होतं. मुलगा म्हणाला होता, "गाड्या काय तिथे बिघडत नाहीत? माझं काम कुठेही चालेल." मावशी तेव्हा ताटं घासत होती. "आणि आई, तुझं काय?" असं दोघांपैकी कोणीतरी म्हणेल म्हणून तिने पाण्याचा नळ बारीक केला. कोणी म्हणालं नाही. तिने ताटं पुसून फळीवर लावली. तेव्हापासून ती एकच गोष्ट मनात धरून होती. मेट्रन येईल, बघेल, आणि सुनेला नापास करून जाईल. देवाला हे सांगायची तिला लाज वाटायची, म्हणून ती कोणालाच सांगत नसे.

शिकवायला येणारी बाई तरुण होती, पण तिची शिकवण्याची रीत जुन्या शाळामास्तरांना लाजवील अशी कडक होती. ती म्हणायची, "खोट्या वाक्याने शब्द रुजत नाही. नवा शब्द मिळाला की ओळखीच्या माणसाबद्दल वाक्य करायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. राजा-राणी नको, वाघ-सिंह नकोत." त्यामुळे वर्गात गंमत व्हायची. 'स्लो' शिकवलं त्या दिवशी औषधं देणाऱ्या कंपाउंडरची शोभा झाली. 'लाउड' शिकवलं तेव्हा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर उभा राहून स्वतःच म्हणाला, "आय अॅम लाउड," आणि एवढ्या मोठ्याने म्हणाला की वरून एक नर्स ओरडायला खाली आली.

एके दिवशी बाईने फळ्यावर शब्द वरून खाली लिहिले. थ्रिफ्टी, स्टिंजी, हार्श, अनकाइंड, क्रुएल.

"ही उतरंड आहे," ती म्हणाली. "जसजसं खाली जाल तसतसं माणूस वाईट. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, ते कौतुक आहे. स्टिंजी म्हणजे चिक्कू, ती टीका आहे."

"दोघांत फरक काय?" कंपाउंडरने विचारलं. "पैसा तर दोघांच्याही हातून सुटत नाही."

"काटकसरी माणूस स्वतःला कमी घेतो. चिक्कू माणूस दुसऱ्याला कमी देतो."

ड्रायव्हर लगेच उठला. "मग मावशींना कुठे बसवायचं? स्वतःही घेत नाहीत, दुसऱ्यालाही देत नाहीत."

"मधे शिवण मारून बसवा," कोणीतरी म्हणालं आणि सगळं जेवणघर हसलं. मावशीही हसली. पुढचा बराच वेळ तिच्याच नावाने वाक्यं झाली. मावशी इज स्टिंजी विथ सोप. मावशी इज स्टिंजी विथ बल्ब. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी इज स्टिंजी विथ स्माइल." त्यावर मावशीने त्याला तिथल्या तिथे सुनावलं, "तुझं ते बत्तीस दातांचं दुकान उघडं आहे तेवढं पुरे आहे इस्पितळाला."

मग 'अनकाइंड'ची पाळी आली. बाई त्याला मराठी शब्द शोधू लागली. "निष्ठुर... नाही, फार मोठा झाला. निर्दय म्हणजे तर कसाईच. खाष्ट म्हणजे बोलायला वाईट. हा लहान शब्द आहे. म्हणजे असं बघा, मारलं नाही, शिवी दिली नाही, पण जिथे माया करायला हवी होती तिथे केली नाही. त्याला काय म्हणायचं?"

कोणालाच सुचलं नाही. बाईची नजर फिरली आणि सुनेवर थांबली. वर्गात सगळ्यांत चांगलं इंग्रजी तिचं होतं. "तू कर बरं वाक्य."

सून उभी राहिली. तिने टेबलावर वाळलेलं भाताचं एक शीत नखाने खरवडलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माय मदर-इन-लॉ इज नॉट स्टिंजी. शी इज अनकाइंड."

लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. इथे सून बोलली होती आणि लागायचं त्याला सरळ लागलं होतं. कोणी हसलं नाही. ड्रायव्हरसुद्धा आपल्या चपलेकडे बघू लागला. शिकवणारीला या दोघींचं नातं ठाऊक नव्हतं. ती खुशीत म्हणाली, "व्हेरी गुड. आधी नॉट, मग दुसरा शब्द. फरक किती छान दाखवलास! बस."

मावशी भांडारात परत आली आणि तिने दुपारभर अभ्रे घडी केले. घडी केलेले मोडून पुन्हा घडी केले. चिक्कू म्हटलं असतं तर चाललं असतं. ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण हिने सगळ्यांदेखत तिला त्या शब्दावरून उचललं आणि दोन पायऱ्या खाली नेऊन ठेवलं. का? काय कमी केलं होतं मी हिला?

कमी. तिच्या डोक्यात तोच शब्द आला, कारण तिचा जन्म त्या शब्दात गेला होता. वॉर्डातून तक्रार आली म्हणजे काहीतरी कमी पडलं असणार, आणि कमी पडलं असेल तर जादा द्यायचं, की तक्रार मिटली. भांडार चालवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

तिने घरात द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा पंखा. ती खोलीतून उठताना पंखा बंद करायची, तो चालू ठेवू लागली. चहात साखर पडू लागली. साबणाची अख्खी वडी न्हाणीघरात आली, ती बघून मुलगा म्हणाला, "आई, बरी आहेस ना?" मग ती बाजारात गेली आणि सुनेसाठी कापड घेऊन आली, चांगलं, भारी, मोरपंखी रंगाचं. दुकानदाराशी घासाघीसही केली नाही. तो बिचारा घाबरून स्वतःच भाव उतरवायला लागला.

सुनेने कापड उघडलं, हात फिरवला आणि होतं तसं घडी करून मावशीच्या कपाटात नेऊन ठेवलं. "छान आहे, आई. पण नको."

"अगं, रंग आवडला नाही का? बदलून आणते."

"रंग चांगला आहे."

"मग आणखी काय हवंय तुला?" मावशीचा आवाज चढला. "पंखा चालू ठेवते, साखर घालते, कापड आणलं. तोंड उघडून सांग तरी, काय कमी पडतंय. चारचौघांत इंग्रजीतून माझी अब्रू काढायला जमतं, घरात मराठीतून सांगायला जमत नाही?"

सून कपाटापाशीच उभी होती. बाहेर अजून चांगला उजेड होता, खालच्या रस्त्यावर मुलांचा चेंडू भिंतीवर धपधप आपटत होता. तिने कपाटाचं दार लावून घेतलं.

"इंग्रजीतून जमलं," ती म्हणाली, "कारण इंग्रजीत मला तुमची भीती वाटत नाही. ती भाषा आपल्या घरातली नाही ना."

"मी काय मारते तुला?"

"नाही. शिवी दिली नाहीत, मारलं नाहीत. बाईंनी सांगितलं तसंच." ती पलंगाच्या कडेवर बसली. "गेल्या थंडीत माझं पोटातलं मूल गेलं तेव्हा मी वरच्या वॉर्डात होते. माझ्याच वॉर्डात. अंथरूण सगळं भिजलं होतं. दुसरी चादर आणायला माझ्या जोडीदारणीला खाली पाठवलं. ती परत वर आली रिकाम्या हातांनी. म्हणाली, तुझी सासू म्हणते, आधी जुनी आण."



"माझ्या अंगाखालची काढली आणि खाली नेली. मग नवी आली. तेवढा वेळ मी मेणकापडावर पडून होते. गार लागत होतं, ते अजून लागतं." सून आपल्या हातांकडे बघत होती. "तरी मी म्हटलं, कायदा आहे. त्यांचा सगळ्यांना सारखाच कायदा. पुढे कामावर परत आले, आणि एका सकाळी अंथरुणं घालताना ती चादर माझ्या हातात आली. आधीपासूनच उलटवलेली होती, मधल्या शिवणीजवळ डाग राहिला होता फिकट. मी ओळखली. तीच मी एका बाईखाली अंथरली. माझी ड्यूटीच होती."

"चादर फाटली नव्हती गं," मावशीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर तिला कळलं की हे बोलायला नको होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ती परत कशी घेणार? ती घाईघाईने पुढे म्हणाली, "ती मी धोब्याकडे दिली नव्हती. मी धुतली. माझ्या हातांनी. गार पाण्यात मीठ घालून भिजवली आणि दुपारभर चोळत बसले. कोणाला हात लावू दिला नाही. माझंही नातवंड होतं ते."

सून मान वर करून तिच्याकडे पाहत राहिली. "हे मला आज कळतंय."

"सांगायचं काय त्यात?"

"आई, तुम्ही खाली बसून चादर धुतलीत. मी वर होते."

"भांडार उघडं टाकून कशी येणार होते मी?"

"एक जिना होता मधे," सून म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "दुसऱ्यांच्या सासवा आल्या त्या दिवशी माझ्याजवळ. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने माझे पाय चेपले. मला वाटलं, आता याल, मग याल. संध्याकाळी घरी जाताना आलात आणि दारातून म्हणालात, होतं असं, पुढच्या वेळी नीट होईल. आणि गेलात. मला त्याला मराठीत शब्द सापडत नव्हता. बाईंनी दिला."

मावशीला पुष्कळ सांगायचं होतं. त्या दुपारी ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी दोनदा गेली होती. वर गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं तर सगळा वॉर्ड बघेल, आणि एकदा का कुलूपमावशीला रडताना लोकांनी पाहिलं की उद्यापासून कठड्यापाशी तिचं कोण ऐकणार, असं तिच्या मनात आलं होतं. इतकी वर्षं तिने तोंड आवळून जे राज्य चालवलं होतं, ते तिने त्या दिवशी सांभाळलं होतं. पण हे सांगितलं असतं तर ते सबबीसारखं वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर ती सबबच होती. तिने मनातल्या मनात त्या सबबीला उलटी-सुलटी करून पाहिली, तिची कुठलीच बाजू धड निघेना.

त्यानंतर घरात पंखा चालू ठेवला काय आणि बंद केला काय, कोणी बोलेना. मुलगा दोघींच्या मधून वाट काढत जेवायचा आणि जायचा. एकदा तो आईला म्हणाला, "तिला जाऊ दे गं. तिला त्या वॉर्डात रोज उभं राहायचं नाहीये. एवढंच आहे." मावशी म्हणाली, "मी कुठे अडवलंय?" आणि तिला ठाऊक होतं की मनातून ती रोज अडवत होती.

मेट्रन आली ती एका सकाळी, न सांगता. उंच, पिकलेल्या केसांची, खणखणीत चालीची बाई. सगळं इस्पितळ पाहून झाल्यावर ती जिन्याखाली आली आणि कठड्याच्या आत शिरली. आजवर तिथे मावशीशिवाय कोणी शिरलं नव्हतं. मेट्रनने चादरींचे थर दाबून पाहिले, एक उलटवलेली चादर उलगडून तिची शिवण उजेडाकडे धरली आणि मान डोलावून म्हणाली, "थ्रिफ्टी! व्हेरी थ्रिफ्टी."

फळ्यावरचा सगळ्यांत वरचा शब्द. महिन्यापूर्वी हाच शब्द मावशीने घरी नेऊन चार वेळा सांगितला असता. आता तिने नुसतं "थँक्यू मॅडम" म्हटलं.

मेट्रनने हातातल्या यादीवर बोट ठेवून सुनेचं नाव घेतलं. ही तिची सून आहे हे तिला माहीत नव्हतं. ती सावकाश, सोपे शब्द निवडून बोलत होती, म्हणून मावशीला सगळं कळलं. वरच्या नर्सने सांगितलं होतं की ही मुलगी कामाला चांगली आहे, पण चादरी फार लावते. एकीच्या जागी दोन. नव्या इस्पितळात अशी उधळपट्टी परवडायची नाही. भांडार तुमच्याकडे, तेव्हा तुम्हालाच ठाऊक असणार. खरं आहे का हे?

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं, तिचा कर्रकर्र आवाज लांब जाईपर्यंत मावशी ऐकत राहिली. उत्तर तर एका शब्दाचं होतं. येस. आणि ते खोटंही नव्हतं. सून चादरींसाठी खाली माणसं पाठवायची, भांडायची, कधी जुनी न देताच नवी पळवायची, त्यावरून दोघींचे किती खटके उडाले होते. एक येस म्हणायचं आणि चादरीची घडी घालायला लागायचं. सून इथेच राहील, मुलगा राहील, संध्याकाळी घरात तीन ताटं लागतील. कोणाला कळणारही नाही. शिकवणाऱ्या बाईचा नियमसुद्धा मोडणार नाही.

"येस," ती म्हणाली. "शी टेक मोअर."

मेट्रनने ओठ मुडपले आणि पेन काढलं.

"मॅडम," मावशी म्हणाली. आता तिच्या जवळचं सगळं इंग्रजी ती गोळा करत होती आणि ते तुटपुंजं होतं. "नॉट फॉर हर. फॉर पेशंट. पेशंट वेट, शी चेंज. पेशंट कोल्ड, शी गिव्ह. आय से नो. शी फाइट मी. ऑल्वेज फाइट." तिने श्वास घेतला. "आय थ्रिफ्टी. शी काइंड. इन हॉस्पिटल, मॅडम, काइंड बेटर."

मेट्रनने पेन थांबवलं. मग तिने विचारलं, या मुलीला तुम्ही इतकं कशा ओळखता?

"माय सन्स वाइफ."

मेट्रनच्या भुवया वर गेल्या. कुठल्याही देशात सासूच्या तोंडून असं ऐकायची कोणाला सवय नसते. तिने यादीत काहीतरी खूण केली आणि ती खणखणीत पावलं टाकत निघून गेली. मावशीने मेट्रनने उलगडलेली चादर घडी करायला घेतली. कडा जुळेनात. तिने तशीच गुंडाळून ती फळीवर ठेवली.

निवड झाल्याचं दुपारी वर्गात कळलं. ड्रायव्हर टाळ्या वाजवत म्हणाला, "शी इज गोइंग, अँड आय अॅम सॅड, दोन्ही वाक्यं खरी आहेत, बाई, लिहून घ्या." सगळे सुनेभोवती जमले. मावशी आपली पाण्याची बाटली घेऊन भांडारात निघून आली.

जरा वेळाने सून कठड्याशी आली. पुढे दोघी-तिघी टॉवेल घ्यायला उभ्या होत्या, त्यांना बाजूला करून ती पुढे झाली.

"मेट्रननी सांगितलं मला. तुम्ही काय म्हणालात ते."

"विचारलं म्हणून सांगितलं."

"काइंड म्हणालात?"

"हो. बरोबर आहे ना शब्द?"

"शब्द बरोबर आहे." सुनेने कठड्याच्या लाकडावर तळहात टेकला. "मराठीत कधी म्हणाला नाहीत."

"मराठीत कोणी विचारलं नाही."

"मी विचारत होते, आई. रोज."

रांगेतल्या बायका मान वळवून जिन्याकडे बघू लागल्या, पण कान इकडेच. त्यांच्यासमोर बोलणं मावशीच्या जिवावर आलं. तरी आता नाही तर परत कधी, हे तिला कळत होतं. तिने हातातले टॉवेल खाली ठेवले.

"त्या दिवशी मी वर यायला हवं होतं," ती म्हणाली. अर्धं वाक्य आतच राहिलं असावं असं तिला वाटलं. पण ते पूर्ण बाहेर आलं होतं. रांगेतल्या एकीने पदर तोंडाला लावला.

"हो," सून म्हणाली. "यायला हवं होतं."

एवढंच. असू दे, झालं गेलं, असं ती काही म्हणाली नाही, आणि मावशीला ते पटलं. झालं गेलं म्हणण्याइतकं ते जुनं झालं नव्हतं. सुनेचे डोळे भरले होते, पण ते तिने पुसलेही नाहीत आणि लपवलेही नाहीत, तशीच उभी राहिली.

"सामान बांधायचंय," ती म्हणाली. "यांना भांडी नीट गुंडाळता येत नाहीत. मागच्या वेळी घर बदललं तेव्हा निम्मी फोडली. रविवारी लागाल का हाताशी?"

"लागेन."

"बघा हं मावशी, नाहीतर ऐन वेळी भांडाराची अडचण सांगाल." तिच्या तोंडून 'मावशी' निघालं, जसं सगळे म्हणत तसं, आणि दोघींनाही ते ऐकू आलं.

"लागेन म्हटलं ना एकदा. वर्तमानपत्रं जपून ठेव, भांड्यांच्या मधे घालायला होतील."

सुनेच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं की नुसता सुस्कारा, ते मावशीला कळलं नाही. वरून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती जिना चढून गेली.

"मावशी, टॉवेल," रांगेतली पहिली बाई हळूच म्हणाली.

मावशीने टॉवेल दिले. तिकडे गेल्यावर आपल्याला कधी बोलावतील का, हे सुनेला विचारायचं राहिलं होतं. राहिलं होतं की तिनेच विचारलं नव्हतं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पुढची बाई गेलेला दिवा हातात घेऊन उभी होती.